लेकीच्या घरचं पाणी

वच्छलाबाई नागपूरहून निघाल्या तेव्हा त्यांच्या सामानात सगळ्यात जड होतं ते पाणी.

बाकी सामान बेताचंच. एक ट्रंक, एक वळकटी, डिंकाच्या लाडवांचा डबा, वाटेत खायला दशम्या आणि ठेचा बांधलेली पिशवी. या सगळ्यांवर खाकी कॅनव्हासची एक छागल, उन्हाळ्यात ट्रकवाले गाडीला बाहेरून लटकावतात तसली, महाल भागातल्या घरच्या विहिरीच्या पाण्यानं तट्ट फुगलेली. त्यांचे यजमान वामनराव ती खांद्यावर घेऊन स्टँडपर्यंत आले आणि त्यांच्या सदऱ्याची उजवी बाजू भिजून अंगाला चिकटली.

"अवं, रस्त्यात गावं लागतीनच ना," ते म्हणाले. "साऱ्या महालाचं पाणी घेऊन चालली का?"

वच्छलाबाईंनी छागलीचं बूच घट्ट केलं. उत्तर वामनरावांनाही ठाऊक होतं.

मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरघरी जेवायचं नाही, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हे वच्छलाबाईंच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडं पाळत आलेलं. त्यांची एकुलती एक जयवंता लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी रिकाम्या कुशीची होती. जावई गिरिधर मूळचा पारशिवनीचा, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. बदली होऊन तो रत्नागिरीला गेला, आणि जया नागपूरपासून इतकी लांब गेली की पत्र यायलाच पाच दिवस लागत. आता तिला आठवा महिना होता. गिरिधरनं लिहिलं होतं की डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायला सक्त मनाई केली आहे, आपली रजा संपली आहे, दिवसभर ती घरात एकटी असते. शेवटी एकच ओळ होती, 'आपण येऊ शकाल का?' सहा वर्षांत जावयानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

साल चौऱ्याहत्तर. मे महिना. रेल्वेचा संप सुरू झालेला. एरवी कोल्हापूरपर्यंत तरी आगगाडीनं जाता आलं असतं. आता एस. टी. शिवाय इलाज नव्हता. नागपूर ते नांदेड, नांदेड ते सोलापूर, तिथून कोल्हापूर आणि मग घाट उतरून रत्नागिरी. वामनरावांना दम्याचा त्रास, ते येण्यातले नव्हते. पन्नाशीला टेकलेल्या वच्छलाबाई एकट्याच निघाल्या. गाडी हलली तेव्हा वामनराव खिडकीखाली उभे राहून एवढंच म्हणाले, "जयाले सांग, मी बरा आहे." मग छागलीची दोरी खिडकीच्या गजाला नीट बांधली आहे ना, ते त्यांनी दोनदा ओढून पाहिलं.

महालातल्या त्यांच्या गल्लीत वच्छलाबाईंना सगळे ओळखत ते बाळंतिणींमुळं. त्या सुईण नव्हत्या. सुईण मूल बाहेर आणून निघून जायची. पुढचे चाळीस दिवस वच्छलाबाईंचे. तेल, गरम पाणी, शेक, शेगडीवरची ओव्याची धुरी, बाळंतशेपा, लाडू. पहाटे पाचला त्या एका घरात असायच्या, सातला दुसऱ्या. मांडीवर पालथं घातलेलं मूल त्यांच्या हाताखाली रडता रडता झोपून जायचं. घेणं-देणं काही नाही. कोणी खण-नारळ दिला तर घ्यायच्या. गल्लीत आता मिशा फुटलेली पोरं होती, त्यांना त्या अजून म्हणायच्या, "चाल रे, तुहे पाय मी सरळ केले आहेत, मले काय सांगून राहिला?"

जयाच्या पहिल्या खेपेला रीतीप्रमाणे त्यांनी तिला सातव्या महिन्यात माहेरी आणलं. दोन दिवसांचा प्रवास करून ती आली, आणि चौथ्या दिवशी तिला कळा लागल्या. मूल आलं ते न रडताच. सुईण होती, डॉक्टरीणबाई होत्या, पण कापडात गुंडाळून ते उचललं वच्छलाबाईंनी. दुसऱ्या खेपेला पाचव्याच महिन्यात सगळं आटोपलं, तिकडं रत्नागिरीतच. त्यानंतर एका लग्नात जयाची सासू प्रयागबाई पंगतीत कोणाला तरी सांगत होती. साऱ्या गल्लीची बाळंतपणं केली बाईनं, घरचंच तेवढं जमलं नाही. वच्छलाबाई तिच्या पाठीमागंच वाढत होत्या. त्यांनी हातातली वरणाची बादली खाली ठेवली नाही, पंगत पुरी केली. पण त्या दिवसानंतर कोणाच्या लेकराला तेल लावताना त्यांचा हात मधेच थांबायचा. बाळंतीण विचारायची, "काय झालं मावशी?" काही नाही, म्हणायच्या. वर्षभरानं त्यांनी कोणाकडं जाणंच सोडलं. गुडघे दुखतात असं सांगितलं.

यावेळी त्यांनी ट्रंकेत एक जुनं मऊ नऊवारी लुगडं ठेवलं होतं, बाळाच्या दुपट्या-लंगोटांसाठी. फाडलं मात्र नव्हतं. आधी दोनदा फाडून, शिवून, घड्या करून ठेवलं होतं.

वर्धा मागं पडलं तसं ऊन चढलं. गाडीत बसायच्या जागी तीन-तीन माणसं, मधल्या वाटेत पोती, बोचकी, एक शिलाईचं मशीन. रेल्वेनं जाणारी सगळी माणसं एस. टी.त कोंबली गेली होती. वच्छलाबाईंच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, डोक्याला ओला पंचा आणि खिशात कांदा. संत्र्याच्या कलमांचा व्यवहार करायला नांदेडकडं निघाले होते. सगळे त्यांना भैयाजी म्हणत होते, आणि दर खड्ड्याला ते म्हणत होते, "संप रेल्वेचा अन् कंबर आपली."

दहा वाजताच लोकांनी आपण होऊन खिडक्या लावून घेतल्या. त्या बाजूला हे कोणाला शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात घराची दारं-खिडक्या सकाळीच बंद करायची, पडद्यांवर पाणी मारायचं, लू आत येऊ द्यायची नाही. वच्छलाबाईंनी काच ओढली, फक्त दोरीपुरती फट ठेवली. बाहेर छागल झळांमध्ये हेलकावे घेत होती. यवतमाळला त्यांनी तिच्यातलं घोटभर पाणी घेतलं. दातांना झिणझिण्या येतील इतकं गार. त्याहून जास्त घेतलं नाही. बाईमाणसाला वाटेत उतरायची सोय कुठं असते? म्हणून घोटावर भागवायचं, हे त्या निघतानाच ठरवून आल्या होत्या.

पैनगंगेचा पूल ओलांडल्यावर भैयाजींनी छागलीकडं पाहिलं. ती निम्मी झाली होती.

"बाई, तुमी तं दोन घोट पेल्या. मंग बाकी पेलं कोण?"

"वाऱ्यानं," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा थोड्या हसल्या.

भैयाजींनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, कुठं जाते आणि पाणी कशाला घेतलं. तिथं गेल्यावर वेगळी चूल मांडीन, शिधा बरोबर आहे, पाणी शेजारच्या विहिरीवरून आणीन. भैयाजींनी मान डोलावली. आपली म्हातारीही असंच करायची असं ते म्हणाले. पोरीच्या गावाला गेली की दिवस दिवस कोरडी बसायची. मग पंच्यानं तोंड पुसत म्हणाले, "आमा मानसायचं बरं असते. आमी चौकात जाऊन चा पेऊन येतो अन् म्हणतो, आमी बी पाळलं."

वच्छलाबाईंना वामनराव आठवले. जयाचं दुसरं गेलं तेव्हा वामनरावच जाऊन आले होते. आठवडाभर राहिले, पाण्याला शिवले नाहीत, खानावळीत जेवले. परत आल्यावर त्यांनी ते अभिमानानं सांगितलं होतं आणि वच्छलाबाईंनी देवापुढं साखर ठेवली होती. आपल्याकडून काही चुकलं नाही, म्हणजे पुढच्या खेपेला तरी देव पाहील, असं काहीसं त्यांच्या मनात होतं.

नांदेडला भैयाजी उतरले. त्यांनी ट्रंक उतरवून दिली आणि सोलापूरच्या गाडीच्या रांगेपर्यंत पोचवली. तिथून पुढचं वच्छलाबाईंना धड आठवतही नव्हतं. उभ्यानं झोप लागायची आणि ट्रंकेच्या कडीचा आवाज झाला की डोळे उघडायचे. पाय सुजून वहाणांत मावेनात, म्हणून त्यांनी वहाणा पिशवीत टाकल्या. सोलापूरहून कोल्हापूरला जाताना एक जागा मिळाली ती चाकावरची. कोल्हापूरच्या स्टँडवर रात्र काढली, सकाळी नळावर तोंड धुतलं आणि छागल काठोकाठ भरून घेतली. लेकीच्या दारात पोचल्यावर पहिला दिवस तरी निभायला हवा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या रत्नागिरी गाडीत त्या बसल्या तेव्हा त्यांना फक्त एवढंच कळत होतं की आता गाडी बदलायची नाही.

घाटापर्यंत हवा बरी होती. घाट उतरता उतरता काय झालं कोणास ठाऊक, अंगावरचा घाम वाळेना. पदरानं पुसला की पुन्हा आला. पोलकं पाठीला चिकटून बसलं. ऊन तर नागपूरच्या मानानं काहीच नव्हतं, तरी जीव कासावीस झाला. वच्छलाबाईंना वाटलं, ऊन लागतंय. त्यांनी खिडकीची काच घट्ट ओढून घेतली.

पुढच्या बाकावरची एक बाई वळली. मांडीवर फणस होता, त्याच्यासकट वळली.

"अहो, उघडा ना ती. जीव घुसमटला."

"उन्हाची कोणी उघडी ठेवते का खिडकी?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"मग कधी उघडायची, पावसात?"

दोन-चार माणसं हसली. कंडक्टर तिकिटांची पेटी सावरत आला आणि त्यानं स्वतःच काच सरकवली. "नागपूरकडच्या ना?" तो म्हणाला. "मे महिन्यात एक तरी असतं असं, काचा लावून बसणारं. मावशी, इथं वारा लागला तरच माणूस जगतो." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण वच्छलाबाईंना ते पटलं नाही. पन्नास वर्षं ज्यांनी उन्हाळे काढले त्यांना उन्हाचं कोणी सांगावं?

छागल बाहेर लटकत होती, ओलीचिंब, थेंब थेंब गळत. त्यांनी ती आत घेऊन घोट घेतला. पाणी कोमट. कॅनव्हासचा वास मारणारं. त्यांनी शिवण तपासली, बूच पाहिलं. फाटलं तर काही नव्हतं. दोन दिवसांच्या हिसक्यांनी छागल बिघडली असावी, असं त्यांनी ठरवलं.

रत्नागिरीच्या स्टँडवर गिरिधर उभा होता. वाळला होता. त्यानं पाया पडून ट्रंक उचलली, वळकटी काखेत मारली. छागल मात्र त्याला घेऊ दिली नाही. घर जवळच होतं. लाल दगड रचून केलेल्या गडग्यांमधून जाणाऱ्या एका चढाच्या वळणावर त्यांना दूर खाली पांढरं काहीतरी लखलखताना दिसलं.

"ते काय चमकून राहिलं?"

"समुद्र आहे, आई."

"बरं," वच्छलाबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. जन्मात पहिल्यांदा पाहिलेला समुद्र त्यांनी तेवढाच पाहिला.

कौलारू घर, दोन खोल्या. पुढच्या खोलीत खाट, खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा, आणि पाय वर, डोकं खाली अशी पडलेली जया. चेहरा पिवळट, पोट मात्र चांगलं दिसत होतं. वच्छलाबाईंनी आधी पोटावरून हात फिरवला, मग तोंडावरून. हाताखाली मूल हललं. त्यांनी हात चटकन काढून घेतला.

गिरिधरनं आतून पेला भरून आणला. त्या म्हणाल्या की रस्त्यात प्याले आहे. पेला तसाच हातात धरून तो क्षणभर उभा राहिला आणि मग आत घेऊन गेला. जया आढ्याकडं पाहत होती. थोड्या वेळानं गिरिधर कचेरीत गेला, संध्याकाळी येतो म्हणाला.

मग वच्छलाबाईंनी पदर खोचला. तीन दिवस ज्यासाठी हाडं मोडून घेतली होती ते काम आता समोर होतं. पहिल्यांदा त्यांना दिसल्या त्या खिडक्या. भर बारा वाजता सताड उघड्या, बाहेर पांढरं ऊन, आणि पोटुशी बाई घामानं निथळते आहे. याला काय म्हणावं? त्यांनी दोन्ही खिडक्या लावल्या, दार लोटलं, चादर ओली करून खिडकीवर टांगली, दुसरी दारावर. जमिनीवर पाणी शिंपडलं. जया म्हणाली की आई, इथं असं करत नाहीत. त्या म्हणाल्या, तू पडून राहा. खोलीत हिरवट अंधार झाला. नागपुरात अशा खोलीत दुपारी माणसाला पांघरूण घ्यावंसं वाटतं. वच्छलाबाई भिंतीला पाठ टेकून बसल्या, आता गार होईल म्हणून वाट पाहत, आणि बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला.

खाटेच्या करकरण्यानं त्या जाग्या झाल्या. हवा अशी दाटली होती की श्वास घ्यायला तोंड उघडावं लागलं. ओल्या चादरी तशाच ओल्या, एक कोपराही वाळला नव्हता. जया उठून बसली होती. एक पाय जमिनीवर टेकवून ती खिडकीच्या कडीकडं हात लांबवत होती, केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे, छाती धपापते आहे.

"जया! उठू नको वं."

त्यांनी तिला धरून आडवी केली. चादर ओढून फेकली, खिडक्या उघडल्या, दार उघडलं. खालच्या बाजूनं वारा आला, खारट, ओलसर, गरमच. पण वारा होता. जयाचा श्वास हळूहळू जागेवर आला. वच्छलाबाई खाटेला धरून उभ्या होत्या. महालातलं घर, हेच आपले हात, चौथा दिवस, न रडलेलं मूल. इथं तर येऊन चार तासही झाले नव्हते. दुनियेची बाळंतपणं केली म्हणणारीनं लेकीला कोंडून मारलं असतं.

"कुठं दुखून राहिलं का? कळ आली का?"

जयानं मान हलवली. नाही. पोटावर हात ठेवून ती पडली होती. मग म्हणाली, "हलून राहिलं. पाणी दे."

वच्छलाबाईंनी दारामागं टांगलेली छागल उतरवली आणि तांब्यात ओतली. जयानं तांब्या तोंडाजवळ नेला, वास घेतला आणि बाजूला केला.

"हे नको. माह्या माठातलं दे."

त्यांनी आतून पेला भरून आणला. जयानं तो घेतला, पण प्याली नाही. छातीवर धरून आईकडं पाहत राहिली.

"आता तू घे."

"मी पेली वं. रस्त्यात पेली."

"ओठ पाहाय आरशात. खोटं काहून बोलतं?"

"मूल होऊ दे. मंग तुह्या घरचा माठच्या माठ पेते."

"अन् नाही झालं तं?"

वच्छलाबाईंनी खाली पडलेली ओली चादर उचलली आणि घडी करायला घेतली. 

जयाचा आवाज चढला नव्हता. आढ्याकडं पाहत ती सांगत होती, जणू बऱ्याच दिवसांपासून सांगायचं ठेवलेलं. "बाबा आले होते ना मागं. मी इथंच पडून होती, आठच दिवस झाले होते. ते त्या पायरीवर बसत. दोन्ही वेळ खानावळीत जात. रोज मी इथून पाहत राहो, आज तरी पाणी मागतीन. मले वाटे, मी मेली तरी हे लोक माह्या घरचं पाणी पेणार नाहीत." थोडं थांबून ती म्हणाली, "पहिलं झालं होतं ना, आई. रडलं नाही, पण झालं होतं. तूच उचललं. तुमी ते धरलंच नाही."

वच्छलाबाई खाटेच्या कडेला बसल्या. बाहेर गडग्यापलीकडं कोणी तरी नारळाच्या झावळ्या ओढत नेत होतं, त्याची फरफर ऐकू येत होती.

त्यांची आई सुभद्रा पारशिवनीकडच्या खेड्यातून महालात यायची. लग्नानंतर सात वर्षं वच्छलाबाईंना मूल नव्हतं. आई यायची ती स्वतःचा पितळी तांब्या घेऊन, बाहेरच्या ओट्यावर बसायची, पदराच्या गाठीतले फुटाणे-गूळ खायची आणि आपल्या तांब्यातलं पाणी प्यायची. सात वर्षं आईनं माझ्या घरचा थेंब घेतला नाही, ही गोष्ट वच्छलाबाईंनी गल्लीतल्या किती बाळंतिणींना सांगितली असेल. सांगताना ऊर भरून यायचा. एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, आणि बऱ्याच वर्षांत स्वतःलाही नाही. पाणी पिऊन झालं की आई तांब्या दगडी ओट्यावर ठेवायची. तो ठक्क असा आवाज आतल्या खोलीत यायचा. एकवीस वर्षांची वच्छला दाराआड उभी असायची, आणि तो आवाज झाला की तिला वाटायचं, आपल्या घरात माणूस पाणी पिऊ शकत नाही असं आपल्यात काय आहे?

त्या उठल्या. स्वयंपाकघरात माठावर पालथा घातलेला पेला होता, तो बुडवून भरला. घाईत पाणी पोलक्यावर सांडलं. त्या तिथंच पिणार होत्या, मग थांबल्या आणि पेला घेऊन बाहेर आल्या, जयाला दिसेल अशा उभ्या राहिल्या आणि उभ्यानंच, घटाघटा, तीन दिवसांचं प्याल्या. पाणी गार नव्हतं. जांभ्या दगडाची चव होती त्याला. दुसरा पेला भरून आणला आणि तोही प्याल्या.

जयानं मग आपल्या हातातला पेला तोंडाला लावला.

वच्छलाबाई दोन्ही पेले माठावर ठेवून आल्या. मग वच्छलाबाई म्हणाल्या, "खायले काय आहे घरात?"

"भात आहे. कुळथाचं पिठलं आहे. शेजारच्या काकूनं आणून देलं."

त्यांनी ताट वाढून घेतलं आणि खाटेजवळ जमिनीवर बसल्या. थंड भात, वर घट्ट झालेलं पिठलं. पहिला घास त्यांनी कपाळाला लावला, सवयीनं, आणि खाल्ला.

"तिखट नाही वं यात काही."

"मंग तुहा ठेचा काढ ना. तीन दिवस कोणासाठी आणला?"

जया हसली. पोट हललं म्हणून तिनं हसू आवरलं. वच्छलाबाईंनी ठेचा काढला, भातावर घेतला आणि भूक लागलेलं माणूस जेवतं तसं खाली मान घालून जेवल्या.

संध्याकाळी गिरिधर आला तेव्हा ताट अजून तिथंच होतं, आणि सासूबाई वळकटी न उलगडता, नुसत्या जमिनीवर, वाऱ्याच्या वाटेत झोपल्या होत्या. त्यानं ताटाकडं पाहिलं, जयाकडं पाहिलं. चपला हातात घेऊन तो आत गेला आणि माठ भरायला विहिरीवर गेला. त्या उठल्यावर, पुढच्या खेपेला छागलही भरून आणू का, असं त्यानं विचारलं.

"राहू द्या जावईबापू," वच्छलाबाई म्हणाल्या. "इथं नाही चालत ते."

त्यांनी वामनरावांना कार्ड टाकलं. चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षर मोठं. 'पोचले. जया बरी आहे. मी तिच्या घरचं पाणी घेतलं व जेवले. दोष असेल तो माझ्या माथी. खिडक्या उघड्या ठेवते.' शेवटचं वाक्य वामनरावांना कळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. संपात कार्ड कुठं तरी अडकलं. उत्तर आलं ते तीन आठवड्यांनी, तेही दोनच ओळींचं. त्यात पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. फक्त 'माझा दमा उतरला की मीही येतो, जयाला सांग' असं होतं. जयानं ते कार्ड उशीखाली ठेवलं.

त्या दिवसांत वच्छलाबाई फार झोपल्या नाहीत. जयानं कूस बदलली की त्या उठून बसायच्या. आपण पाणी प्यालो ते बरं की वाईट, हा प्रश्न पहाटे पहाटे छातीवर येऊन बसायचा. दिवस उजाडला की शेगडी पेटवायची असायची.

नवव्या महिन्यात, सरकारी दवाखान्यात, जयाला मुलगी झाली. लहानखुरी होती. नर्सनं पाठीवर थापटी मारली, दुसरी मारली, आणि वच्छलाबाईंनी दाराची चौकट धरली. मग ती रडली. बारीक, चिडक्या आवाजात, बराच वेळ रडली.

तिसऱ्या दिवशी जया घरी आली. वच्छलाबाईंनी ट्रंकेतलं जुनं लुगडं काढून मधोमध फाडलं, तेल कोमट केलं, पाय लांब करून बसल्या आणि मुलीला मांडीवर पालथं घातलं. मान, पाठ, पाय. हात मधेच कुठं थांबला नाही. खिडक्या उघड्या होत्या. गिरिधर साखर वाटून आला आणि हसत म्हणाला, आई, आजपासून तुम्हांला या घरचं पाणी चालतं ना?

वच्छलाबाईंनी वर पाहिलं. नेम सुटायचा असा काही दिवस असतो, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.